फिर्याद, साक्ष आणि सुधारणा : दिवाणबहादूर अण्णासाहेब लठ्ठे यांच्या निमित्ताने



शिक्षकाचे स्मारक दगडामातीत न उभारता दरवर्षी एक विचार ऐकण्याच्या रूपाने जपावे, ही या शाळेने पाडलेली प्रथा मला फार मोलाची वाटते. या मालेत बोलण्याचा मान आपण मला दिलात, याबद्दल मी आपला ऋणी आहे. आयुष्यभर मी मराठी भाषा आणि साहित्य शिकविले. कायदा हा माझ्या अभ्यासाचा प्रांत नव्हे. तरीही आजचा विषय कायद्याच्या कडेकडेने जाणारा आहे. याचे कारण असे की, आपल्या या दक्षिण महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या मुलुखात गेल्या शतकाच्या प्रारंभी जी सामाजिक सुधारणेची चळवळ झाली, तिचे पुष्कळसे पुढारी वकील होते. आणि त्यांतल्या एका पुढाऱ्याच्या आयुष्यात फिर्याद, आरोप व साक्ष या तीन शब्दांना विलक्षण अर्थ प्राप्त झाला. ते पुढारी म्हणजे दिवाणबहादूर अण्णा बाबाजी लठ्ठे.

तीन शब्द

भाषेच्या माणसाने शब्दापासून आरंभ करावा, हे बरे. ‘फिर्याद’ हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला. त्याचा मूळ अर्थ ‘मदतीसाठी मारलेली हाक’ असा आहे. ज्याच्यावर अन्याय झाला तो ओरडतो आणि सत्तेने त्याचे ओरडणे ऐकावे अशी अपेक्षा धरतो, ती फिर्याद. ‘आरोप’ हा संस्कृत शब्द. एखादी वस्तू दुसऱ्यावर चढविणे, ठेवणे, हा त्याचा धात्वर्थ. म्हणजे आरोप ही गोष्ट माणसाच्या अंगची नसते, ती कोणीतरी त्याच्यावर ठेवलेली असते. ती खरी की खोटी, हे पुढे ठरायचे असते. आणि ‘साक्षी’ म्हणजे ज्याने डोळ्यांनी पाहिले तो. आपल्या पूर्वजांनी किती नेमकेपणाने हे शब्द स्वीकारले आणि वापरले! फिर्यादीत वेदना आहे, आरोपात संशय आहे आणि साक्षीत सत्य आहे. या तिघांचा मेळ बसला तर न्याय होतो. साक्ष खोटी झाली की फिर्याद हे सूड उगविण्याचे हत्यार बनते.

मराठेशाहीत गावचे तंटे गोतसभेपुढे चालत. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, सर्व जातींचे जाणते लोक एकत्र बसत आणि निर्णयाचा महजर लिहिला जाई. त्या व्यवस्थेचे दोष होतेच. जातीची उतरंड तिथेही होती, आणि पुराव्याअभावी दिव्य करायला लावण्याचा रानटी प्रकारही होता. मात्र फिर्याद चालविणारा म्हणून सरकारने नेमलेला स्वतंत्र माणूस त्यात नव्हता. तो आला इंग्रजी अमलाबरोबर. गुन्हा हा केवळ पीडित व्यक्तीविरुद्ध नसून राज्याविरुद्ध आहे, ही कल्पना त्या कायद्याने रुजविली आणि तेव्हापासून राज्याच्या वतीने खटला चालविणारा सरकारी वकील आपल्या परिचयाचा झाला. खालच्या कोर्टांत तर पुष्कळदा पोलीस अधिकारीच खटला चालवीत. तपास करणारा आणि खटला चालविणारा हात एकच असू नये, हे तत्त्व आपल्या देशात स्पष्टपणे मान्य व्हायला १९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता यावी लागली.

सरकारी वकील कोणाचा?

सरकारी वकील कोणाला उत्तरदायी असावा, हा प्रश्न जगभर निरनिराळ्या रीतीने सोडविला गेला आहे. अमेरिकेत बहुतेक राज्यांमध्ये जिल्ह्याचा सरकारी वकील मतदार निवडून देतात. मिसिसिपी राज्याने १८३२ मध्ये ही पद्धत प्रथम स्वीकारली. कोणता खटला भरावा, कोणता भरू नये, आरोपीला जामीन मिळण्यास विरोध करावा की नाही, किरकोळ गुन्ह्यात तुरुंग मागावा की समज देऊन सोडावे, हे सर्व ठरविण्याचा मोठा अधिकार त्याच्या हाती असतो. अलीकडच्या काळात काही वकील तुरुंगांतील गर्दी कमी करू, गरीब आणि कृष्णवर्णीय आरोपींवरचा अन्याय दूर करू, अशी सुधारणेची भूमिका घेऊन या पदासाठी उभे राहिले. फिलाडेल्फियात २०१७ मध्ये लॅरी क्रॅस्नर निवडून आले. सॅन फ्रान्सिस्कोत २०१९ मध्ये चेसा बूदीन निवडून आले. परंतु जून २०२२ मध्ये तेथील मतदारांनीच त्यांना मुदतीपूर्वी पदावरून परत बोलाविले. लोकमताच्या बळावर सुधारणा करू पाहणाऱ्याला लोकमताचा फटकाही बसतो, हे यावरून ध्यानात येईल.

आपल्याकडे असे निवडून आलेले पद नाही. जिल्ह्याचा सरकारी वकील राज्य सरकार नेमते. जिल्हा दंडाधिकाऱ्याने सत्र न्यायाधीशाशी विचारविनिमय करून नावांची यादी करावी, नेमला जाणारा किमान सात वर्षे वकिली केलेला असावा, असा नियम १९७३ च्या संहितेत होता. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनेही हीच चौकट पुढे चालविली आहे. भरलेला खटला मागे घेण्याचा अधिकार सरकारी वकिलाला आहे, पण न्यायालयाच्या संमतीवाचून तो वापरता येत नाही. सरकारी वकील हा न्यायालयाचा सेवक आहे, सत्ताधाऱ्याचा हस्तक नव्हे, ही त्यामागची कल्पना.

मग आपल्याकडे सुधारणेच्या वृत्तीचा वकील लोकांपुढे कोणत्या मार्गाने गेला? तो कायदेमंडळाच्या मार्गाने गेला. कोर्टात पक्षकाराची बाजू मांडणाऱ्या माणसाने मते मागितली, निवडून आला आणि ज्या कायद्याखाली खटले चालत तो कायदाच बदलण्याच्या कामाला लागला. अण्णासाहेब लठ्ठे हे या मार्गाचे आपल्या भागातील ठळक उदाहरण होय. विशेष म्हणजे कायद्याच्या बळाची झळ त्यांना स्वतःलाही लागली होती.

कुरुंदवाड ते स्तवनिधी

अण्णासाहेबांचा जन्म १८७८ मध्ये कुरुंदवाड येथे एका जैन कुटुंबात झाला. कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळचे हे गाव तेव्हा पटवर्धनांच्या संस्थानात होते. त्या काळी दक्षिण महाराष्ट्रातील जैन समाज बहुतांशी शेतीवर जगणारा होता. कष्टाळू, धार्मिक, पण शिक्षणात मागे. अशा समाजातला एक मुलगा एम. ए., एलएल. बी. पर्यंत पोहोचतो, ही त्या काळची असाधारण गोष्ट होती.

आपणां कोगनोळीकरांना अभिमान वाटावा अशी एक गोष्ट येथे सांगतो. निपाणीच्या दक्षिणेस, तवंदीच्या घाटाजवळ स्तवनिधी हे जैनांचे तीर्थक्षेत्र आहे. याच स्तवनिधीला १८९९ मध्ये दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना झाली आणि तिच्या संस्थापकांत तरुण अण्णासाहेब होते. विशीच्या आसपासचा हा तरुण यात्रेसाठी जमलेल्या लोकांपुढे शिक्षणाची, वसतिगृहांची आणि समाजसंघटनेची भाषा बोलू लागला. पुढे सभेने कोल्हापूर, सांगली, बेळगाव, हुबळी अशा ठिकाणी विद्यार्थ्यांच्या राहण्याची सोय केली. वसतिगृह हे त्या पिढीच्या सुधारणेचे सर्वांत मोठे साधन होते, हे आज विसरले जाते. खेड्यातल्या मुलाला शहरात शाळा होती, पण रात्री पाठ टेकायला जागा नव्हती. ती जागा ज्याने दिली, त्याने शाळाच दिली. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात निरनिराळ्या जातीजमातींची वसतिगृहे उभारली, ती याच जाणिवेने.

१९०५ मध्ये अण्णासाहेबांचे जैन धर्माची ओळख करून देणारे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. १९०७ पासून काही वर्षे ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात इंग्रजीचे प्राध्यापक होते आणि त्यानंतर संस्थानच्या शिक्षण खात्यात त्यांनी काम केले. २६ जुलै १९०२ च्या जाहीरनाम्याने मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवणारे हे संस्थान. त्याच्या शिक्षण खात्यात अधिकारी असणे म्हणजे एका मोठ्या प्रयोगाच्या केंद्रस्थानी असणेच होते.

डांबर प्रकरण

आणि मग १९१४ साल उजाडले. कोल्हापुरात ब्रिटिश राजघराण्यातील पुतळ्याला कोणीतरी डांबर फासले. आज आपल्याला हा प्रकार किरकोळ वाटेल. पण ते महायुद्धाचे वर्ष होते. संस्थानाच्या राजधानीत सम्राटाच्या घराण्याचा अपमान होणे, ही राजनिष्ठेच्या दृष्टीने फार गंभीर बाब होती आणि संस्थानाला आपली निष्ठा सिद्ध करणे भाग होते. गुन्हेगार सापडलाच पाहिजे, असा दबाव निर्माण झाला. अशा वेळी काय होते, ते आपण सर्वजण जाणतो. गुन्हेगार शोधण्याऐवजी सोयीचा माणूस शोधला जातो. जैन समाजात त्या वेळी अंतर्गत कलह होते, अण्णासाहेबांचे विरोधक होते. संशयाचे बोट त्यांच्याकडे वळले.

आरोप तयार होता, उणीव होती ती साक्षीची. पोलिसांना असा माणूस हवा होता, जो लठ्ठे यांच्या जवळचा असेल आणि त्यांच्याविरुद्ध बोलेल. त्यांची नजर गेली कुंभोजला जन्मलेल्या एका तरुणावर. त्याचे नाव भाऊराव पायगोंडा पाटील.

हे भाऊराव कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहून शिकलेले. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी निघालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले, म्हणून त्यांना जैन बोर्डिंग सोडावे लागले होते. आणि त्या बोर्डिंगाशी अण्णासाहेबांचा निकटचा संबंध होता. म्हणजे हिशेबाने पाहिले, तर या तरुणाच्या मनात लठ्ठे यांच्याविषयी कटुता असायला जागा होती. पोलिसांना हवे होते एवढेच की, त्याने एक वाक्य खोटे बोलावे. एक वाक्य बोलला असता तर तो सुटला असता, कदाचित मानानेही वावरला असता.

भाऊरावांनी ते वाक्य उच्चारले नाही. त्यांना कोठडीत टाकण्यात आले, मारहाण झाली, छळ झाला. तो असह्य होऊन त्यांनी जीव देण्याचाही प्रयत्न केला. पण खोटी साक्ष दिली नाही. आपल्याला बोर्डिंग सोडावे लागले, ही एक गोष्ट. न केलेल्या गुन्ह्याचा आरोप एका माणसाच्या माथी मारणे, ही वेगळी गोष्ट. हा भेद त्या पंचविशी नुकती ओलांडलेल्या तरुणाला कळला होता. मोठमोठ्या विद्वानांना तो कळत नाही.

लहानपणी शाळेत कर्मवीरांचे चरित्र शिकताना या प्रसंगाकडे आम्ही एका थोर पुरुषाच्या धैर्याची कथा म्हणून पाहत होतो. ते खरेच आहे. पण वय झाल्यावर मला त्यात आणखी काही दिसू लागले. एक संपूर्ण यंत्रणा, पोलीस, कोठडी, दबाव, दरबारचे राजकारण, एका बाजूला उभी होती. दुसऱ्या बाजूला होते केवळ एका माणसाचे ‘मी पाहिले नाही, म्हणून मी सांगणार नाही’ हे म्हणणे. फौजदारी न्यायाची सारी इमारत अखेर अशा एखाद्या नकारावर उभी असते. कायदेशीर तरतुदी कितीही केल्या, तरी खोटी साक्ष द्यायला माणसे तयार असतील, तर त्या व्यर्थ होत.

बेळगावचा वकील, दिल्लीचा प्रतिनिधी

या घटनेनंतर अण्णासाहेबांनी कोल्हापूर सोडले आणि बेळगावला येऊन वकिली सुरू केली. एका अर्थाने ते संस्थानातून ब्रिटिश मुलुखात आले. आपल्या या भागात तेव्हा हद्दींची मोठी गुंतागुंत होती. दूधगंगेच्या परिसरात चार पावले चालले, की राज्य बदले, कायदा बदले, कोर्ट बदले. एका हद्दीत संशयित ठरलेला माणूस दुसऱ्या हद्दीत प्रतिष्ठित वकील म्हणून उभा राहू शकत होता. हद्दी माणसांना दुरावतात हे खरे, पण क्वचित त्या आसराही देतात.

बेळगाव त्या काळी राजकीय दृष्ट्या धगधगते शहर होते. लोकमान्य टिळकांची होमरूल लीग एप्रिल १९१६ मध्ये तेथेच स्थापन झाली. स्वराज्याची मागणी मोठ्याने होऊ लागली, तेव्हा अण्णासाहेब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अवघड प्रश्न विचारला : स्वराज्य येईल, पण ते कोणाच्या हाती येईल? शेतकरी, मराठा, जैन, लिंगायत, अस्पृश्य यांना त्यात जागा असेल काय? वालचंद रामचंद कोठारी यांच्यासमवेत त्यांनी डेक्कन रयत असोसिएशनचे काम केले आणि ‘डेक्कन रयत’ या इंग्रजी पत्राद्वारे ब्राह्मणेतर चळवळीची बाजू राज्यकर्त्यांपर्यंत व सुशिक्षितांपर्यंत पोहोचविली. १९१९ च्या सुधारणा कायद्यानंतर मुंबई कायदेमंडळात मराठा व तत्सम जातींसाठी सात जागा राखून ठेवण्यात आल्या, त्याची पार्श्वभूमी अशा प्रयत्नांनी तयार झाली होती. या मागणीवर त्या वेळी कठोर टीका झाली. ही माणसे स्वराज्याला खीळ घालतात, असेही म्हटले गेले. आज शंभर वर्षांनी मागे वळून पाहताना त्यांचा प्रश्न रास्त होता, एवढे तरी मान्य करावे लागेल.

नव्या कायद्यान्वये झालेल्या पहिल्या निवडणुकीत अण्णासाहेब मुंबई इलाख्याच्या दक्षिण विभागातून मध्यवर्ती कायदेमंडळावर गेले. १९२१ ते १९२३ या काळात ते त्या सभागृहाचे सदस्य होते. या सभागृहाच्या कारकिर्दीत कोणते कायदे झाले, ते पाहण्यासारखे आहे. विनाचौकशी अटकेचा अधिकार देणारा, जालियनवाला बागेच्या हत्याकांडाशी ज्याचे नाव जोडले गेले तो रौलट कायदा १९२२ मध्ये रद्द झाला. वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा १९१० चा मुद्रण कायदाही त्याच वर्षी गेला. फौजदारी खटल्यात युरोपीय आरोपीला एक न्याय आणि हिंदी आरोपीला दुसरा, हा भेद पुष्कळ अंशी कमी करणारा कायदा १९२३ मध्ये झाला. त्याच वर्षी विशेष विवाह कायद्यात दुरुस्ती होऊन हिंदू, बौद्ध, शीख व जैन यांना आपापला धर्म न सोडता परस्परांत नोंदणी विवाह करण्याची मोकळीक मिळाली. हे सर्व काही एका माणसाने केले नाही. पण खोट्या आरोपाची झळ सोसलेला एक वकील त्या सभागृहात बसलेला होता, हे लक्षात ठेवून या कायद्यांची यादी वाचली, म्हणजे ती कोरडी वाटत नाही.

याच सुमारास आपल्या परिसरात वकिलीच्या सनदेचाही प्रश्न नव्या अर्थाने पुढे आला. शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात अस्पृश्य समाजातील होतकरू तरुणांना वकिलीच्या सनदा दिल्या. ज्याला देवळात प्रवेश नाही, त्याला न्यायमंदिरात उभे राहून बोलण्याचा अधिकार मिळाला. मार्च १९२० मध्ये माणगाव येथे बहिष्कृत वर्गाची परिषद झाली, तिचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते आणि तिला शाहू महाराज उपस्थित राहिले. पुढे एप्रिल १९२५ मध्ये मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषदेचे अधिवेशन आपल्या निपाणीत बाबासाहेबांच्याच अध्यक्षतेखाली भरले. कायद्याचे ज्ञान आणि समाजसुधारणा यांची सांगड घालणारी ही माणसे या मातीवरून चालत गेली आहेत, याची आठवण आपल्या मुलांना करून द्यायला हवी.

चरित्रकार, दिवाण, अर्थमंत्री

अण्णासाहेबांच्या आयुष्यातील यापुढचा भाग मला सर्वांत अधिक विचार करायला लावतो. ज्या संस्थानात त्यांच्यावर संशय घेतला गेला, त्याच संस्थानच्या छत्रपतींचे विस्तृत इंग्रजी चरित्र त्यांनी लिहिले. ते १९२४ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झाले; मराठी चरित्रही त्यांनी लिहिले. १९२२ मध्ये शाहू महाराज निवर्तले, त्यानंतर दोनच वर्षांत हा ग्रंथ तयार झाला. महाराजांची पत्रे, आदेश, भाषणे यांच्या आधाराने लिहिलेले हे चरित्र आजही शाहूकालाच्या अभ्यासकाला टाळता येत नाही. व्यक्तिगत दुःख आणि ऐतिहासिक मूल्यमापन यांना वेगळे ठेवणे चरित्रकाराला अत्यंत अवघड जाते. अण्णासाहेबांनी ते साधले. भाऊरावांनी कटुता बाजूला ठेवून साक्ष दिली नाही. अण्णासाहेबांनी कटुता बाजूला ठेवून साक्ष दिली, ती ग्रंथरूपाने. दोघांचाही धर्म एकच : जे पाहिले तेवढेच सांगणे.

पुढे राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत अण्णासाहेब कोल्हापूर संस्थानचे दिवाण झाले. १९१४ मध्ये ज्याने ही नगरी सोडली, तो दशकभराने तिचा मुख्य कारभारी म्हणून परतला.

१९३७ मध्ये प्रांतिक स्वायत्ततेच्या कायद्याखाली निवडणुका झाल्या आणि मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ जुलैमध्ये अधिकारावर आले. त्यात अर्थखाते अण्णासाहेबांकडे होते. ब्राह्मणेतर चळवळीतून आलेला कार्यकर्ता आता काँग्रेसच्या मंत्रिमंडळात होता. हा बदल त्या काळी अनेकांच्या बाबतीत झाला. बहुजन समाज काँग्रेसकडे वळण्याचा तो काळ होता.

अर्थमंत्र्यापुढे मोठा पेच होता. सरकारने दारूबंदीचा निश्चय केला होता. दारूवरील अबकारी कर हे प्रांताच्या उत्पन्नाचे मोठे साधन. दारू बंद करायची, तर तूट भरून काढायची कशी? मुंबई व अहमदाबाद या शहरांतील स्थावर मालमत्तेवर कर बसवून ती अंशतः भरून काढण्याचा मार्ग १९३९ मध्ये स्वीकारला गेला. श्रीमंत मालमत्ताधारकांनी त्याला कडाडून विरोध केला. गरिबाच्या व्यसनातून येणारा पैसा सोडून देऊन शहरी संपत्तीवर कर बसविणे, यात अर्थकारण किती आणि नीती किती, यावर वाद होऊ शकतो. पण कोणाकडून पैसा घ्यायचा, हा प्रश्न अर्थमंत्र्याने अंदाजपत्रकात निर्भयपणे मांडला, हे निर्विवाद आहे.

याच मंत्रिमंडळाच्या काळात १९३९ मध्ये कर्जबाजारी शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा व कुळांच्या संरक्षणाचा कायदा झाला. १९३८ मध्ये हरिजनांच्या मंदिरप्रवेशाच्या वाटेतले अडथळे कमी करणारा कायदा झाला. खेड्यापाड्यांत स्वयंसेवी शाळा काढण्यास उत्तेजन देण्याचे धोरणही त्या काळातलेच. आणि या धोरणाचा सर्वाधिक लाभ कोणी करून घेतला असेल, तर तो भाऊराव पाटलांनी. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले येथे स्थापन झालेल्या त्यांच्या रयत शिक्षण संस्थेने शेकडो स्वयंसेवी शाळा चालविल्या. ज्या मंत्रिमंडळाने या शाळांना हात दिला, त्याचे अर्थमंत्री होते अण्णासाहेब लठ्ठे. पंचवीस वर्षांपूर्वीच्या त्या कोठडीतला नकार आणि हा योग यांचा मी कसलाही चमत्कारिक संबंध जोडू इच्छीत नाही. एवढेच म्हणेन की, त्या दिवशी भाऊराव खोटे बोलले असते, तर कदाचित ना असा अर्थमंत्री मिळाला असता, ना असा कर्मवीर.

महायुद्धाच्या प्रश्नावरून नोव्हेंबर १९३९ मध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. १९५० मध्ये अण्णासाहेबांचे निधन झाले. सांगलीची लठ्ठे एज्युकेशन सोसायटी त्यांच्या नावाने आजही शिक्षणाचे कार्य करीत आहे.

वारसा आणि आपण

आता थोडे आपल्याविषयी. आपला भाग १ नोव्हेंबर १९५६ रोजी तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. त्यानंतर सीमाप्रश्नाच्या आंदोलनांत अनेकांनी तुरुंग पाहिला. मार्च-एप्रिल १९८१ मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली निपाणीच्या तंबाखू उत्पादकांनी राष्ट्रीय महामार्गावर ठिय्या दिला. ६ एप्रिलच्या गोळीबारात शेतकरी बळी पडले. सांगायचे ते हे की, ‘आरोपी’ हा शब्द या भागातील साध्यासुध्या माणसांना परका नाही. सत्तेपुढे उभे राहताना आपली बाजू समजून घेणारा वकील आणि आपल्याला समजणारी भाषा असावी, ही गरज येथील माणसाला पुस्तकातून शिकावी लागत नाही.

भाषेचा मुद्दा मी मुद्दाम काढला. आरोपीला न समजणाऱ्या भाषेत साक्ष होत असेल, तर ती त्याला समजेल अशा भाषेत भर न्यायालयात सांगितली पाहिजे, असा आपल्या फौजदारी कायद्याचाच दंडक आहे. सीमेवर राहणाऱ्या मराठी माणसासाठी तो केवळ कागदी नियम नव्हे. समन्स वाचता आले नाही म्हणून तारीख चुकते, तारीख चुकली म्हणून वॉरंट निघते आणि वॉरंट निघाले म्हणून सालस माणूस गावात मान खाली घालून फिरतो. भाषेसाठी भांडणे एक आणि आपल्या हक्कांपुरते दोन्ही भाषांतून शहाणे होणे दुसरे. मला दोन्ही आवश्यक वाटतात. या शाळेतील मुलांनी मराठी जपावी आणि कन्नडही उत्तम शिकावी. अण्णासाहेब कुरुंदवाडच्या मातीतले, त्यांनी ग्रंथ इंग्रजीत लिहिले, वकिली बेळगावात केली. भाषेची भिंत त्यांनी कधी सबब म्हणून पुढे केली नाही.

दुसरी गोष्ट. अमेरिकेत मतदार सरकारी वकील निवडतात, आपण निवडीत नाही. त्यामुळे काही अडले असे मी म्हणणार नाही. निवडणुकीच्या वाऱ्यावर खटले चालू लागले, तर त्याचेही धोके आहेत. पण खटला भरण्याचा आणि मागे घेण्याचा अधिकार ही फार मोठी सत्ता आहे आणि तिच्यावर समाजाची नजर असली पाहिजे, ही जाणीव आपल्याकडे अजून पुरेशी नाही. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत आपण रस्त्यावर आणि नळावर बोलतो. आमदाराकडे पूल मागतो. तालुक्याच्या कोर्टात खटले किती वर्षे पडून आहेत, सरकारी वकिलांच्या किती जागा रिकाम्या आहेत, कायदेविषयक मोफत साहाय्य गरिबाला मिळते की नाही, हे प्रश्न आपण कधी कोणत्या उमेदवाराला विचारले आहेत काय? लोकशाहीत न्यायाची सुधारणाही मागावी लागते.

आणि तिसरी गोष्ट मुलांसाठी. तुमच्यापैकी काहीजण उद्या वकील होतील, काही पोलीस, काही शिक्षक. सरकारी वकील झालात तर एवढे ध्यानात ठेवा की, आपल्यापुढचा आरोप हा कोणीतरी कोणावर तरी ठेवलेला आहे. तो खरा आहे याची खात्री झाल्यावाचून तो पुढे ढकलू नका. पोलीस झालात तर दबाव आला म्हणून सोयीचा माणूस शोधू नका. आणि यांपैकी काहीच झाला नाहीत, तरी एक प्रसंग प्रत्येकाच्या आयुष्यात येतो. भाऊबंदकीच्या तंट्यात, पंचनाम्यावर सही करताना, शाळेतल्या एखाद्या चोरीत, कोणीतरी येऊन सांगते, ‘एवढे म्हण, तुझे काही बिघडत नाही.’ तेव्हा काय उत्तर द्यायचे, हे भाऊरावांनी १९१४ मध्ये सांगून ठेवले आहे.

गुरुजींच्या स्मृतीस अभिवादन करतो.